निवडून आलेल्यांचें वर्तन आणि लोकपालाची चौकशी

कोणत्याहि लोकशाही राज्यांत सामान्य माणसाचा राज्यकारभाराशीं जो रोजचा संबंध येतो, तो राजधानींतील विधिमंडळाशीं फारसा येत नाहीं. तो येतो आपल्या गांवच्या किंवा शहराच्या स्थानिक कारभाराशीं. रस्त्यावरील दिवा, कचऱ्याची व्यवस्था, मुलांचें क्रीडांगण, घर बांधण्याची परवानगी, स्मशानभूमि, वाचनालय, हीं सारीं कामें ज्यांच्या संमतीनें होतात ते सभासद लोकांच्या ओळखीचे, पुष्कळदां शेजारचेच असतात. ही जवळीक हेंच स्थानिक स्वराज्याचें बळ होय. पण ह्याच जवळिकीमुळें सभासदाचें वर्तन बिघडलें तर त्याची झळहि तितक्याच जवळून लागते. सभासद आपल्या भाच्याच्या जमिनीच्या प्रश्नावर स्वतःच मत देऊं लागला, पगारी कारकुनाला चार लोकांदेखत धमकावूं लागला, अथवा कचेरींतील गुप्त कागदांतला मजकूर बाहेर फोडूं लागला, तर त्याला जाब विचारावयाचा कोणीं?

ह्या प्रश्नाचीं तीन सोपीं उत्तरें चटकन् सुचतात आणि तीनहि अपुरीं पडतात. मतदारांनीं पुढच्या निवडणुकींत जाब विचारावा, हें पहिलें उत्तर. परंतु निवडणुकीस कित्येक वर्षांचा अवकाश असतो, आणि ज्या कारकुनाला उद्यां सकाळीं त्याच सभासदासमोर उभें राहावयाचें आहे त्याला हें उत्तर कामाचें नाहीं. शिवाय लहान गांवांत अनेक जागा बिनविरोध भरल्या जातात. तेथें मतदार विचारणार तरी केव्हां? सभागृहानें बहुमतानें विचारावा, हें दुसरें उत्तर. पण बहुमताच्या हातीं हें शस्त्र दिलें तर तें प्रथम विरोधकावरच चालेल. न्यायालयानें विचारावा, हें तिसरें. पण उर्मटपणा, दडपण, आप्तांविषयींचा पक्षपात हे कायद्याच्या भाषेंत नेहमींच गुन्हे ठरतात असें नाहीं, आणि कोर्टाची पायरी चढण्याचें त्राण प्रत्येकाला असतें असेंहि नाहीं. ग्रेट ब्रिटनच्या पश्चिम भागांतील वेल्स ह्या देशानें चौथें उत्तर दिलें आहे. तेथें अशा तक्रारींची चौकशी लोकपालाकडे सोंपविलेली आहे. ही चौकशी कशी चालते, ती कोठें थांबते, आणि तिच्या थांबण्यांतच तिचें सामर्थ्य कसें आहे, हें स्वराज्याची आस्था बाळगणाऱ्या प्रत्येकानें समजून घेण्यासारखें आहे.

'ओम्बुड्समन' हा शब्द मूळचा स्वीडन देशाचा. तेथें १८०९ सालच्या राज्यघटनेनें सरकारी अधिकाऱ्यांवर लक्ष ठेवण्यासाठीं विधिमंडळानें निवडलेला एक स्वतंत्र अधिकारी नेमण्याची प्रथा सुरू झाली. ही कल्पना इतर देशांत फार सावकाश पसरली. डेन्मार्कनें १९५५ सालीं, न्यूझीलंडनें १९६२ सालीं आणि ब्रिटननें १९६७ सालीं ती उचलली. भारतांत 'लोकपाल' हा शब्द १९६३ सालीं लक्ष्मीमल्ल सिंघवी ह्यांनीं दिला, आणि महाराष्ट्रांत १९७१ सालच्या कायद्यानें 'लोकायुक्त' हें पद निर्माण झालें. ह्या सर्व पदांचें नेहमींचें काम कचेरीच्या कारभारांतील दोष शोधण्याचें असतें. अर्ज विनाकारण पडून राहिला, नियम भलताच लावला, नागरिकाला उत्तरच मिळालें नाहीं, अशा गाऱ्हाण्यांची दाद लोकपालाकडे लागते.

वेल्सच्या लोकपालाकडे हें काम तर आहेच. पण त्याच्या जोडीला आणखी एक निराळें काम आहे, तें म्हणजे निवडून आलेल्या सभासदांच्या वैयक्तिक वर्तनाची चौकशी. हीं दोन कामें दिसावयास सारखीं दिसलीं तरी त्यांचा पिंड वेगळा आहे. पहिल्या कामांत संस्था चुकली काय हें पाहावयाचें असतें. दुसऱ्यांत माणूस चुकला काय हें. संस्थेची चूक ठरली तर लोकपाल तक्रारदाराला नुकसानभरपाई द्यावी, त्याची क्षमा मागावी, अशी शिफारस करतो. सभासदाची चूक ठरली तर मात्र तक्रारदाराच्या पदरांत कांहींच पडत नाहीं. त्यानें जी तक्रार केली ती स्वतःसाठीं नव्हे, सर्वांसाठीं केली, असें कायदा धरून चालतो. हा भेद ज्याच्या ध्यानांत येत नाहीं त्याला पुढची सारी पद्धति कोरडी आणि निष्ठुर वाटण्याचा संभव आहे.

ह्या व्यवस्थेचा उगम १९९४ सालच्या एका प्रकरणांत आहे. ब्रिटिश पार्लमेंटांतील कांहीं सभासदांनीं पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचे आरोप त्या सुमारास झाले. मुख्य प्रधान जॉन मेजर ह्यांनीं लॉर्ड नोलन नांवाच्या न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. ह्या समितीनें १९९५ सालीं आपल्या पहिल्या अहवालांत सार्वजनिक जीवनाचीं सात तत्त्वें सांगितलीं: निःस्वार्थपणा, सचोटी, वस्तुनिष्ठा, उत्तरदायित्व, उघडेपणा, प्रामाणिकपणा आणि नेतृत्व. १९९७ सालच्या तिसऱ्या अहवालांत समितीनें आपली दृष्टि स्थानिक संस्थांकडे वळविली. त्यांतून २००० सालचा स्थानिक कारभाराचा कायदा जन्मास आला, आणि प्रत्येक स्थानिक संस्थेच्या सभासदांसाठीं लेखी आचारसंहिता आली. वेल्समध्यें सातांचीं दहा तत्त्वें झालीं. कायद्याचें पालन, सार्वजनिक मालमत्तेची राखण आणि सर्वांशीं समतेनें व आदरानें वागणें ह्यांची त्यांत भर पडली. सध्यां तेथें चालू असलेला आदर्श संहितेचा आदेश २००८ सालचा असून त्यांत २०१६ सालीं दुरुस्त्या झाल्या.

वेल्समध्यें २२ मोठ्या काउंटी संस्था आहेत, आणि त्यांच्या खालीं आपल्याकडील ग्रामपंचायतीशीं तुलना करतां येईल अशा ७०० हून अधिक कम्युनिटी व टाउन कौन्सिलें आहेत. ह्या सर्वांच्या सभासदांस ही संहिता बांधून घेते. तिचें पालन करीन असें वचन दिल्यावांचून सभासदाला पदावर बसतां येत नाहीं. संहितेचीं कलमें साध्या भाषेंत सांगावयाचीं तर अशीं आहेत: सर्वांशीं आदरानें वागावें, कोणाला धमकावूं अथवा छळूं नये, अधिकाऱ्यांच्या निःपक्षपातीपणास बाध येईल असें कांहीं करूं नये, विश्वासानें हातीं आलेली माहिती फोडूं नये, पदाचा उपयोग स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या लाभासाठीं करूं नये, आपल्या पदाला व संस्थेला काळिमा लागेल असें वागूं नये, आणि जेथें आपला स्वतःचा संबंध असेल तेथें तो उघड सांगावा.

ह्या शेवटल्या कलमाचें एक उदाहरण घ्यावें. समजा, एका गांवच्या सभेपुढें क्रीडांगणासाठीं जमीन भाड्यानें घेण्याचा विषय आला, आणि ती जमीन एका सभासदाच्या भावाची आहे. सभासदानें तो संबंध सभेंत सांगितला पाहिजे, एवढें तर उघडच आहे. पण संहिता एवढ्यावर थांबत नाहीं. सर्व हकीगत ठाऊक असलेल्या एखाद्या समंजस नागरिकाला, ह्या संबंधामुळें सभासदाच्या सार्वजनिक हिताच्या विचारावर परिणाम होईल, असें वाटण्याजोगें असेल, तर सभासदानें चर्चेच्या वेळीं सभागृहांतून बाहेर गेलें पाहिजे. त्याला राहावयाचें असेल तर आधीं तशी रीतसर सूट मिळविली पाहिजे. येथें सभासदाचें मन खरोखर शुद्ध होतें कीं नाहीं, हा प्रश्नच नाहीं. बाहेरच्या शहाण्या माणसाला काय वाटेल, ही कसोटी आहे. पुष्कळ भले सभासद ह्याच ठिकाणीं ठेंचाळतात. आपल्या मनांत कांहीं नव्हतें, असें ते कळवळून सांगतात, आणि तें खरेंहि असतें. पण संहितेनें विचारलेला प्रश्न तो नसतो.

आतां तक्रारीचा प्रवास पाहूं. लोकपालाकडे तक्रार कोणालाहि करतां येते. नागरिकाला, कारकुनाला, किंवा दुसऱ्या सभासदाला. मात्र ती लेखी पाहिजे, आणि कोणत्या सभासदानें केव्हां, कोठें, काय केलें, हें त्यांत स्पष्ट हवें. अशा तक्रारी दरसाल कांहीं शेंकडा येतात. त्यांतील मोठा भाग लहान गांवांच्या कौन्सिलांतून येतो, आणि त्यांत सर्वांत अधिक भरणा असतो तो आदरानें न वागल्याच्या आरोपांचा. लहान सभा, तीच तीच माणसें, जुनीं वैरें. एकाच्या बोलण्याला दुसऱ्यानें दिलेलें उत्तर तक्रारीच्या रूपानें लोकपालाच्या टेबलावर येऊन पडतें. ह्या राशींतून खरी तक्रार निवडून काढणें हें लोकपालाचें पहिलें आणि कदाचित् सर्वांत अवघड काम आहे.

त्यासाठीं तेथें दोन चाळण्या ठेविलेल्या आहेत. पहिली चाळणी पुराव्याची: संहितेचा भंग झाल्याचा प्रत्यक्ष पुरावा आहे काय? ऐकीव गोष्ट, तर्क, किंवा सभेचा निर्णय आपल्याविरुद्ध गेल्याचा राग, हा पुरावा नव्हे. सभेनें घेतलेला निर्णय चुकीचा होता, एवढेंच गाऱ्हाणें असेल तर तें आचारसंहितेचें गाऱ्हाणें होत नाहीं. सभासदाला चुकीचें मत देण्याचा अधिकार मतदारांनींच दिलेला असतो. दुसरी चाळणी सार्वजनिक हिताची: भंग झाला असें धरलें तरी त्याची चौकशी करणें लोकहिताला जरूर आहे काय? येथें गोष्ट किती गंभीर आहे, सभासदानें स्वतःचा किंवा सोयऱ्याचा लाभ करून घेतला काय, विश्वासाच्या जागेचा दुरुपयोग झाला काय, वंश, धर्म, लिंग इत्यादि भेदांचा द्वेष त्यामागें होता काय, पूर्वीं असेंच घडलें होतें काय, आणि सिद्ध झालें तरी कांहीं शिक्षा होण्यासारखें आहे काय, हें सारें तोलून पाहिलें जातें.

दोन सभासदांच्या आपसांतील किरकोळ चकमकी लोकपाल बहुधा परत धाडतो. त्यांच्यासाठीं स्थानिक समेटाची पद्धति ठेविलेली आहे. दोघांना समोरासमोर बसवून कचेरींतील जबाबदार अधिकाऱ्यानें तंटा मिटवावा अशी तींत अपेक्षा असते. संहिता आणखी एक गोष्ट बजावते. केवळ त्रास देण्यासाठीं, द्वेषानें किंवा थिल्लरपणानें केलेली तक्रार ही सभासदाच्या बाबतींत स्वतःच संहितेचा भंग ठरूं शकते. तक्रारीचा दरवाजा सर्वांना मोकळा आहे, पण तो दुसऱ्याच्या अंगावर ढकलण्यासाठीं नाहीं.

ह्या चाळण्यांवर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. ज्या माणसाला भर सभेंत अपमान सोसावा लागला, त्याला 'आपली तक्रार लोकहिताच्या दृष्टीनें पुरेशी गंभीर नाहीं' असें पत्र आलें म्हणजे त्याला दुसऱ्यांदां अपमान झाल्यासारखें वाटतें. ही व्यथा खोटी नाहीं. परंतु प्रत्येक कटु शब्दाची चौकशी करावयाची म्हटलें, तर गंभीर प्रकरणें वर्षानुवर्षें रांगेंत तिष्ठत राहतील. इंग्लंडांत हा अनुभव आलेला आहे. २००० च्या कायद्यानें तेथें 'स्टँडर्ड्स बोर्ड' नांवाचें एक मध्यवर्ती मंडळ निघालें. त्याच्यावर गांवोगांवच्या क्षुल्लक भांडणांचा इतका भार पडला कीं, २००८ सालीं तक्रारी निवडण्याचें काम स्थानिक समित्यांकडे द्यावें लागलें, आणि पुढें २०१२ सालीं तें मंडळच बंद झालें. तक्रार न घेणें हाहि एक निर्णय आहे. मात्र त्याचें कारण लेखी आणि समजेल अशा भाषेंत दिलें पाहिजे.

चाळण्यांतून जी तक्रार पार पडते तिची चौकशी सुरू होते. ज्याच्यावर आरोप आहे त्या सभासदाला आरोप काय आहेत तें कळविण्यांत येतें. तक्रारदाराचें नांवहि सामान्यतः त्याला समजतें, कारण निनांवी आरोपाला उत्तर देणें कठीण असतें. लोकपालाचे चौकशी अधिकारी सभेचीं इतिवृत्तें, पत्रव्यवहार, हिशेब, ध्वनिमुद्रणें मागवितात. साक्षीदारांच्या जबान्या घेतात. आणि शेवटीं सभासदाला समोर पुरावा ठेवून त्याचें म्हणणें ऐकतात. अहवालाचा मसुदा तयार झाला म्हणजे त्यावर आपलें मत देण्याची संधीहि त्याला मिळते. पुराव्याचा तराजू दिवाणी दाव्याचा असतो. म्हणजे एखादी गोष्ट घडली असण्याची शक्यता न घडल्याच्या शक्यतेपेक्षां अधिक दिसली पाहिजे. प्रकरण फार गंभीर असेल, आणि चौकशी चालू असतां सभासद पदावर राहणें धोक्याचें वाटलें, तर अंतरिम अहवाल पाठवून त्याला सहा महिन्यांपर्यंत तात्पुरतें दूर ठेवण्याची तरतूदहि कायद्यांत आहे. परंतु तो हुकूमहि लोकपाल स्वतः काढीत नाहीं.

हाच ह्या पद्धतीचा कणा होय. लोकपाल चौकशी करतो. शिक्षा करीत नाहीं. चौकशीच्या अंतीं त्याला कायद्यानें चारच निष्कर्ष काढतां येतात. संहितेचा भंग झाल्याचा पुरावा नाहीं, हा पहिला. चौकशींत आढळलेल्या गोष्टींवर कांहीं कारवाई करण्याची जरुरी नाहीं, हा दुसरा. प्रकरण त्या स्थानिक संस्थेच्या आचार-समितीपुढें जावें, हा तिसरा. आणि तें वेल्सच्या निर्णय-मंडळापुढें जावें, हा चौथा. पहिल्या दोन निष्कर्षांनीं प्रकरण संपतें. शेवटच्या दोहोंत लोकपालाचा अहवाल हा निकाल नसतो, तर निकाल देणाऱ्यापुढें ठेविलेला पुरावा असतो.

आचार-समितींत निदान निम्मे सभासद बाहेरचे, निवडणुकीशीं संबंध नसलेले असे घ्यावे लागतात, आणि अध्यक्षहि त्यांच्यांतलाच असतो. ही समिति दोषी सभासदाला ठपका देऊं शकते, किंवा जास्तींत जास्त सहा महिने निलंबित करूं शकते. त्याहून गंभीर प्रकरणें निर्णय-मंडळाकडे जातात. हें एक न्यायासन असून एक वर्षापर्यंत निलंबन, किंवा पांच वर्षांपर्यंत सभासदत्वास अपात्र ठरविणें, इतका त्याचा अधिकार आहे. समितीच्या निकालावर मंडळाकडे आणि मंडळाच्या निकालावर वरिष्ठ न्यायालयाकडे परवानगीनें अपील चालतें. म्हणजे तक्रार एकानें करावयाची, तपास दुसऱ्यानें, निकाल तिसऱ्यानें आणि त्याची फेरतपासणी चौथ्यानें. जनतेनें मतपेटींतून दिलेलें पद काढून घेणें ही लहान गोष्ट नव्हे. तें एका माणसाच्या एका सहीनें निघूं नये, म्हणून हा लांबचा रस्ता मुद्दाम आंखलेला आहे.

ह्या लांब रस्त्याची खरी परीक्षा दोन प्रकरणांत झाली. पहिलें प्रकरण नैर्ऋत्य वेल्समधील पेंब्रोकशायर परगण्यांतलें. मनॉर्बिअर ह्या लहानशा गांवच्या कौन्सिलाच्या एका सभासदानें आपल्या सहकाऱ्यांविषयीं आणि तेथील कारभाराविषयीं जाहीर रीतीनें उपरोधिक व टोचणारें लिखाण केलें. तक्रार झाली, आचार-समितीनें त्याला दोषी ठरवून ठपका दिला, आणि निर्णय-मंडळानेंहि तो दोष कायम केला. पण २०१२ सालीं वरिष्ठ न्यायालयाचे न्यायमूर्ति बीटसन ह्यांनीं तो निकाल फिरविला. सभासदाचें लिखाण बोचरें होतें, कांहीं ठिकाणीं हलकेंहि होतें. तरी बहुतेक मजकूर गांवच्या कारभारावरील टीकेचा होता, आणि राजकीय मतप्रदर्शनाला कायद्याचें विशेष संरक्षण आहे. राजकारणांत पडलेल्या माणसाची कातडी सामान्य माणसापेक्षां जाड असावी अशी अपेक्षा रास्त आहे. आदरानें वागावें ह्या कलमाचा अर्थ 'सहकाऱ्यांस टोचूं नये' एवढा ताणला, तर टीका करणाऱ्याचें तोंड बंद करण्याचें तें एक साधन होईल, ही भीति ह्या निकालानें दूर केली.

दुसरें प्रकरण ईशान्य वेल्समधील फ्लिंटशायरचें. तेथील काउंटी संस्थेच्या एका जुन्या सभासदाविरुद्ध कचेरींतील अधिकाऱ्यांना धाक घातल्याचे व त्यांच्या कामांत अयोग्य दडपण आणल्याचे अनेक आरोप होते. निर्णय-मंडळापुढें सुनावणी पन्नासांहून अधिक दिवस चालली. २०१३ सालीं मंडळानें त्याला अडीच वर्षांसाठीं अपात्र ठरविलें. २०१४ सालीं न्यायमूर्ति हिकिनबॉटम ह्यांनीं अपिलांत दोषांचा मुख्य भाग कायम ठेवून ती मुदत दीड वर्षावर आणिली. ह्या निकालांत एक महत्त्वाची रेघ ओढलेली आहे. सभासदानें सभासदावर कितीहि कडक टीका करावी, कारण दुसऱ्यालाहि तितक्याच मोठ्यानें उत्तर देतां येतें. पगारी अधिकाऱ्याला तसें करतां येत नाहीं. त्याचें पद त्याला गप्प बसावयास लावतें. लोकांचें काम निर्भयपणें व निःपक्षपातीपणें व्हावयाचें असेल, तर ह्या गप्प बसणाऱ्या माणसाचा पाठीराखा कोणी तरी असला पाहिजे.

हे दोन निकाल शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे लोकपालाच्या चौकशींत काय पणास लागलेलें असतें तें कळून येतें. एकीकडे टीका करणारा सभासद, दुसरीकडे तोंड न उघडूं शकणारा नोकर. एकाच कलमानें पहिल्याचा आवाज दाबला जाऊं शकतो आणि दुसऱ्याचा मान राखला जाऊं शकतो. कलम तेंच, तें कोणत्या बाजूला वळेल हें चौकशी करणाऱ्याच्या विवेकावर अवलंबून असतें.

सभासद सभासद म्हणून केव्हां वागतो आणि खाजगी माणूस म्हणून केव्हां, हाहि एक नाजूक प्रश्न आहे. २००५ सालीं लंडनचे महापौर केन लिव्हिंग्स्टन ह्यांनीं एका समारंभाहून परतत असतां एका ज्यू वार्ताहराची तुलना नाझी छळछावणीच्या पहारेकऱ्याशीं केली. इंग्लंडच्या निर्णय-मंडळानें त्यांना चार आठवड्यांचें निलंबन सुनावलें. परंतु २००६ सालीं वरिष्ठ न्यायालयानें, त्या घटकेस ते पदाच्या नात्यानें वागत नव्हते, असें सांगून तें रद्द केलें. वेल्सच्या संहितेनें ही जागा वेगळ्या रीतीनें भरून काढली आहे. तेथें आदराचें कलम पदाच्या कामापुरतें लागू असलें तरी पदाला काळिमा न लावण्याचें आणि पदाचा गैरफायदा न घेण्याचें बंधन सभासदावर अष्टौप्रहर असतें. समाजमाध्यमांच्या ह्या काळांत, जेव्हां मध्यरात्रीं लिहिलेली ओळ सकाळपर्यंत साऱ्या परगण्यांत फिरते, तेव्हां ह्या कलमाला पूर्वींपेक्षां अधिक वजन आलेलें आहे.

शेजारच्या देशांनीं निराळे मार्ग घेतले. इंग्लंडांत २०१२ पासून प्रत्येक संस्थेनें आपल्या सभासदांची चौकशी आपणच करावयाची आणि एका स्वतंत्र व्यक्तीचें मत विचारावयाचें, अशी पद्धति आली. निलंबनाचा अधिकार त्या वेळीं काढून घेण्यांत आला. ठपका, क्षमायाचनेची विनंती, असे सौम्य उपायच उरले. आर्थिक हितसंबंध लपविणें मात्र गुन्हा ठरविण्यांत आलें. इंग्लंडचा स्थानिक लोकपाल सभासदाच्या वर्तनाचा न्याय करीत नाहीं. संस्थेनें तक्रार नीट हाताळली कीं नाहीं एवढेंच तो पाहतो, आणि लहान पॅरिश कौन्सिलें तर त्याच्या अधिकाराबाहेरच आहेत. ही व्यवस्था फार दुबळी झाली अशी ओरड होऊन, निलंबनाचा अधिकार परत द्यावा काय ह्याविषयीं तेथील सरकारनें २०२४ च्या डिसेंबरांत लोकांचीं मतें मागविलीं. उत्तर आयर्लंडांत २०१४ पासून उलट टोंक गांठलेलें आहे. तेथें तपास आणि निकाल हीं दोन्ही कामें लोकपालाच्याच कार्यालयाकडे आहेत, आणि त्यांची सरमिसळ होऊं नये म्हणून तपासाचा विभाग वेगळा ठेवावा लागतो. वेल्सचा मार्ग ह्या दोहोंच्या मधला आहे.

आतां एक प्रश्न उरतो, आणि तो फार जुना आहे: राखणदारावर राखण कोणाची? वेल्सच्या लोकपालाची नेमणूक तेथील विधिमंडळाच्या शिफारसीवरून राजा करतो; मुदत सात वर्षांची असून ती पुन्हां वाढवून मिळत नाहीं, म्हणजे कोणाची मर्जी राखण्याचें कारण उरूं नये. एप्रिल २०२२ मध्यें मिशेल मॉरिस ह्यांची ह्या पदावर नेमणूक झाली. तरीहि २०२४ सालीं ह्या कार्यालयाला मोठा धक्का बसला. आचारसंहितेच्या तक्रारी पाहणाऱ्या पथकाच्या एका प्रमुखानें समाजमाध्यमांवर एका राजकीय पक्षाविरुद्ध मजकूर लिहिल्याचें उघडकीस आलें. त्या व्यक्तीनें नोकरी सोडली, आणि कार्यालयानें बाहेरच्या तज्ज्ञाकडून आपल्या कामाची तपासणी करवून घेतली. निर्णयांत राजकीय पक्षपात झाल्याचा पुरावा आढळला नाहीं, असा तपासणीचा निष्कर्ष निघाला; पुढील काळासाठीं सुधारणाहि सुचविण्यांत आल्या.

ह्या प्रसंगाचा विचार करतां एक गोष्ट ध्यानांत येते. ज्या कसोटीवर लोकपाल सभासदांना घासून पाहतो, त्याच कसोटीवर त्या दिवशीं लोकपालाचें कार्यालय उभें राहिलें. भावाच्या जमिनीवर मत देणाऱ्या सभासदाला, मन शुद्ध होतें हें सांगून सुटतां येत नाहीं. हकीगत ठाऊक असलेल्या शहाण्या माणसाला काय वाटेल, हेंच विचारलें जातें. तोच प्रश्न तपास करणाऱ्यालाहि चुकला नाहीं, आणि तो चुकूं नये हेंच योग्य झालें.

अर्थात् कितीहि चांगला लोकपाल गांवच्या सभेंत सौजन्य निर्माण करूं शकणार नाहीं. हें ओळखून वेल्सच्या विधिमंडळानें २०२१ सालच्या कायद्यानें काउंटी संस्थांतील पक्षगटांच्या पुढाऱ्यांवर आपल्या सभासदांचें वर्तन चांगलें राहील अशी खटपट करण्याचें कर्तव्य घातलें, आणि मे २०२२ पासून तें लागू झालें. तक्रार लोकपालापर्यंत पोंचण्यापूर्वींच आपल्या माणसाला बाजूला घेऊन दोन शब्द सांगणारा पुढारी असेल, तर अर्ध्या फायली उघडाव्याच लागणार नाहींत.

तरी पण तसा पुढारी जेथें नसेल तेथें कचेरींतल्या एखाद्या कारकुनाला, किंवा सभेंत एकट्या पडलेल्या विरोधी सभासदाला, एका पत्रानें गांठतां येईल असा कोणी तरी परका, निःपक्षपाती आणि सावध माणूस असणें जरूर आहे. तो माणूस प्रत्येक तक्रार मान्य करणार नाहीं, आणि जी मान्य करील तिचा निकालहि स्वतः देणार नाहीं. ज्याला त्वरित समाधान हवें आहे त्याची ह्या दारीं निराशा होईल. परंतु सभासदाला मतदारांनीं दिलेला मान आणि नोकराला कायद्यानें दिलेलें संरक्षण, ह्या दोहोंना एकाच वेळीं जपावयाचें असेल तर चौकशी करणाऱ्यानें इतकें हळू आणि इतकें जपून चालणें भाग आहे. ज्या देशांत स्थानिक स्वराज्याचें लोण खेड्यापर्यंत पोंचलेलें आहे, त्या प्रत्येक देशानें ही चाल एकदां नीट न्याहाळून पाहावी.